शाळेत फुटबॉल येतो, क्रीडाशिक्षक का येत नाही?

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडून बघा. व्हॉलीबॉलची जाळी, दोन-तीन फुटबॉल, लेझीम, थाळी, गोळा, कॅरमचा फुटलेला स्ट्रायकर असं काहीबाही निघेलच. समग्र शिक्षा अभियानातून खेळाच्या साहित्यासाठी दरवर्षी पैसे येतात. प्राथमिक शाळेला 5,000 रुपये, उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिक, उच्च माध्यमिकला 25,000 पर्यंत. पण त्याच शाळेत खेळ शिकवायला माणूस आहे का, हे विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: "आम्हीच घेतो की तास."

पालकसभेत हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "पैसे मधल्यामधे जिरतात." काही ठिकाणी जिरतही असतील. पण साहित्य येतं आणि शिक्षक येत नाही, याचं मुख्य कारण भ्रष्टाचार नाही. साहित्याचा पैसा आणि शिक्षकाचा पैसा हे दोन वेगळ्या वाटांनी येतात, वेगळ्या नियमांनी ठरतात आणि एका हेडचा, म्हणजे एका ठरलेल्या खर्चाच्या शीर्षाचा, पैसा दुसऱ्या हेडला वापरायची परवानगी शाळेला नसते. हे एकदा नीट समजलं की कला, क्रीडा, कार्यानुभव, संगणक, दिव्यांग मुलांचे विशेष शिक्षक या सगळ्यांच्या बाबतीत तेच ते का घडतं, याचा उलगडा होतो.

पैसा निघतो कुठून

शिक्षण हा आधी राज्याचा विषय होता. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचा झाला. कायदे करायला दोघे आले तरी खर्चाचा मोठा भार अजूनही राज्याच्याच खांद्यावर आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींचा पगार राज्याच्या अर्थसंकल्पातून जिल्हा परिषदेकडे आणि तिथून शालार्थ या ऑनलाइन पगार प्रणालीमार्फत खात्यावर येतो. खासगी अनुदानित शाळेचं व्यवस्थापन संस्थेचं असलं तरी मान्य पदांचा पगार शासनाचा असतो, त्याला वेतन अनुदान म्हणतात. वीजबिल, खडू, डागडुजी यासाठी वेतनेतर अनुदान वेगळं. ते इतकं तुटपुंजं आणि अनियमित असतं की संस्थाचालकांपुढे त्याचा विषय काढला तर तास गेलाच म्हणून समजा.

दुसरी वाट केंद्राची. सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षणाची योजना एकत्र करून 2018 मध्ये समग्र शिक्षा तयार झाली. यात बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना हेच प्रमाण 90:10 आहे. महाराष्ट्रात ही योजना मुंबईतली महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद राबवते. दरवर्षी राज्य वार्षिक कार्ययोजना आणि अंदाजपत्रक दिल्लीला पाठवतं, तिथलं मंडळ एकेक बाब बघून मान्यता देतं, मग पैसे हप्त्यांनी सुटतात.

शाळेच्या हातात प्रत्यक्ष काय पडतं? संयुक्त शाळा अनुदान. 30 पर्यंत मुलं असतील तर वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 असतील तर 25,000, 250 पर्यंत 50,000, हजारापर्यंत 75,000 आणि त्यापुढे एक लाख. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. उरलेल्यात रजिस्टर, खडू, वीजबिल, नळाची तोटी, तुटलेल्या फरशा. गणवेशाचे मुलामागे 600 रुपये, ग्रंथालयाचे वेगळे, खेळाचे वेगळे. प्रत्येकाची पावती वेगळी, उपयोगिता प्रमाणपत्र वेगळं. संयुक्त अनुदानातून आठवड्याला दोन तास चित्रकला शिकवायला कोणाला मानधन द्यायचं म्हटलं तर ते बसत नाही. ते पैसे शाळा चालवायला दिलेले आहेत, माणूस नेमायला नाहीत.

वस्तूचा खर्च आणि पदाचा खर्च

आता खरी गोम. सरकारच्या दृष्टीने फुटबॉल विकत घेणं म्हणजे एकदाचा खर्च. पुढच्या वर्षी तिजोरीत खडखडाट असेल तर देऊ नये, कोणी कोर्टात जात नाही. शिक्षकाचं पद मंजूर करणं म्हणजे तीस-पस्तीस वर्षांची जबाबदारी, त्यात महागाई भत्ता, घरभाडे, वेतन आयोग, निवृत्तीनंतरचं वेतन हे सगळं आलं. अर्थसंकल्पात पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज हा अनिवार्य खर्च मानला जातो. तो वाढला की नव्या योजनांना हात आखडावा लागतो. म्हणून नवीन पदाची फाईल वित्त विभागात गेली की तिथे ती हमखास रेंगाळते.

आकड्यांत बघू. डीएड झालेल्या प्राथमिक शिक्षकाची सातव्या वेतन आयोगातली वेतनश्रेणी 29,200 पासून सुरू होते. भत्ते सोडून नुसतं मूळ वेतन धरलं तरी वर्षाचे 3,50,400 रुपये झाले. उच्च प्राथमिक शाळेचं क्रीडा अनुदान 10,000. म्हणजे एका शिक्षकाच्या एका वर्षाच्या मूळ पगारात त्या शाळेचं 35 वर्षांचं खेळाचं साहित्य येतं. हा हिशोब मंत्रालयातल्या कोणालाही तोंडपाठ असतो, भले तो कुठल्या परिपत्रकात लिहिलेला नसो. उद्घाटनाचा फोटो दोन्हींचा सारखाच येतो. किंबहुना साहित्यवाटपाचा जास्त चांगला येतो.

यातूनच शिक्षण सेवकाची पद्धत आली. पहिली तीन वर्षं मानधन, मग नियमित वेतन. जानेवारी 2023 पासून हे मानधन प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 झालं, त्याआधी ते सहा, आठ आणि नऊ हजार होतं. यातून पद तयार होतं, पण त्याचा पूर्ण भार तीन वर्षं पुढे ढकलला जातो.

पट, संचमान्यता आणि तीन मुलं

मग पद मिळतं कधी? मुलांच्या संख्येवर. दरवर्षी 30 सप्टेंबरचा पट धरला जातो, मुलांच्या नोंदी यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात आणि आधारशी जुळलेल्या असाव्या लागतात आणि त्यावरून प्रत्येक शाळेला किती शिक्षक हे ठरवणारा कागद निघतो, तो म्हणजे संचमान्यता. शिक्षकांच्या बोलण्यात वर्षभर हा शब्द असतो आणि पालकांनी तो बहुधा ऐकलेलाही नसतो. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव यात एका वेलांटीचा फरक असला तरी तो दुरुस्त होईपर्यंत ते मूल मोजणीत अडकतं. वर्गात मात्र ते रोज पुढच्या बाकावर बसलेलं असतं.

पायाभूत निकष शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीत आहेत. पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार. सहावी ते आठवीला दर 35 मुलांमागे किमान एक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा यांना किमान एकेक.

समजा एका शाळेत पहिली ते पाचवीत 58 मुलं आहेत. पाच वर्ग, शिक्षक दोन. एका बाई पहिली-दुसरी घेतात, सर तिसरी ते पाचवी. सर तिसरीला गुणाकार देतात, चौथीला परिसर अभ्यासाचं वाचन लावतात आणि पाचवीच्या मुलांना फळ्याच्या एका कोपऱ्यात अपूर्णांक समजावतात. त्याच दिवशी शालेय पोषण आहाराची नोंद, एखादी ऑनलाइन माहिती आणि केंद्रप्रमुखांचा फोन. आता तीन मुलं वाढली आणि पट 61 झाला तर तिसरं पद लागू होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या एका कुटुंबातली तीन भावंडं नोंदीत टिकली की गळाली, यावर शाळेचा तिसरा शिक्षक अवलंबून राहू शकतो. म्हणूनच सप्टेंबर जवळ आला की गुरुजी वाडीवस्तीवर फिरताना दिसतात.

ज्या शाळेत वर्गशिक्षकच पुरे पडत नाहीत तिथे विशेष विषयाच्या शिक्षकाचा प्रश्न यायचाच नाही. कायद्यात त्याची तरतूद आहे, पण ती बघा कुठे आहे. सहावी ते आठवीत, पट शंभराच्या वर असेल तरच. आणि तिथेही पूर्णवेळ शिक्षक नाही, कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक. म्हणजे पाचवीपर्यंत या विषयांना स्वतंत्र शिक्षकाची कल्पनाच कायद्यात नाही. आणि तीन वर्ग मिळून शंभरावर पट असलेल्या शाळा गावाकडे किती असणार? बाजाराच्या गावी, तालुक्याला. वाडीवरच्या शाळेला हा नियम कधीच लागू होत नाही.

महाराष्ट्रात हे अंशकालीन निदेशक म्हणजे अतिथी निदेशक, तासिकेवर मानधन घेणारे. कला शिक्षक पदविका घेतलेला एखादा तरुण दोन-तीन शाळांत तासिका घेतो, मे महिन्यात त्याला काही मिळत नाही, पुढच्या जूनला बोलावतील की नाही याची खात्री नाही. अनुदानित माध्यमिक शाळांत पूर्वी चित्रकलेचे सर आणि पीटीचे सर हे हमखास असत. अशा अनेक शाळांत ते निवृत्त झाले आणि त्यांच्या तासिका विज्ञानाच्या किंवा हिंदीच्या शिक्षकाच्या वेळापत्रकात जाऊन बसल्या. विषय कागदावर चालू राहिला, त्याची श्रेणीही प्रगतिपुस्तकात लिहिली जाते. माझ्या मते या सगळ्यात मुलांची सर्वात मोठी फसवणूक या श्रेणीत आहे, कारण तिच्यामुळे पालकांना कशाचा अभाव आहे हे कळतच नाही.

15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष पुन्हा बदलले. लहान शाळांतली, विशेषतः सहावी ते आठवीची पदं जातील म्हणून शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या. शहरी वाचकाला ते नोकरीचं आंदोलन वाटलं असेल. पण कमी पटाच्या शाळेतून एक पद कमी होणं म्हणजे तिथल्या मुलांना गणिताचा शिक्षक नसणं किंवा मुलांनी चार किलोमीटरवरच्या शाळेत जाणं, असा त्याचा अर्थ होतो.

योजनेतला माणूस

काही विशेष शिक्षक पदावर न येता योजनेतून येतात. त्यांची कहाणी आणखी वेगळी. माध्यमिक शाळांत संगणक कक्ष उभारायची योजना आठवत असेल. खासगी कंपनीने यंत्रं बसवायची, संगणक शिक्षक नेमायचा, पाच वर्षं चालवायचं आणि मग कक्ष शाळेच्या ताब्यात द्यायचा. करार संपला तसे शिक्षक गेले. संगणक राहिले. मग धूळ बसली, यूपीएस बंद पडले, काही शाळांत त्या खोलीला कुलूप लागलं. योजना तयार करताना पाच वर्षांनी शिकवणार कोण, या प्रश्नाला उत्तरच ठेवलेलं नव्हतं.

दिव्यांग मुलांच्या विशेष शिक्षकांचंही वर्षानुवर्षं असंच चाललं. सर्व शिक्षा अभियान आणि मग समग्र शिक्षेतून कंत्राटी नेमणूक, दर वर्षी मुदतवाढ. वास्तविक हे काम कोणीही करण्याजोगं नाही. विशेष शिक्षणाची पदवी किंवा पदविका आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व मानलेलं आहे. अंधत्व, कर्णबधिरता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता यांत शिकवण्याच्या पद्धती एकमेकींपासून कोसभर लांब आहेत. साहित्य, प्रवासभत्ता, मदतनीस अशा गोष्टींसाठी समग्र शिक्षेत दिव्यांग मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंत तरतूद आहे, मुलींना दहा महिने दरमहा 200 रुपये प्रोत्साहन भत्ताही. इथेही वस्तू आणि भत्ते आधी, माणूस नंतर.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये, रजनीश कुमार पांडेय विरुद्ध भारत सरकार या खटल्यात, सर्वसाधारण शाळांमध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. मार्च 2025 मध्ये न्यायालयाने राज्यांना पुन्हा बजावलं की पदं निश्चित करून अधिसूचित करा. मधल्या काळात, ऑक्टोबर 2024 मध्ये, महाराष्ट्र सरकारने विशेष शिक्षकांची 4,860 पदं मंजूर केली. राज्यात शाळांच्या केंद्रांची, म्हणजे केंद्रप्रमुखाच्या हाताखालच्या जवळपासच्या शाळांच्या गटांची, संख्याही तेवढीच, म्हणजे साधारण एका केंद्राला एक. एका केंद्रात दहाएक किंवा त्याहून जास्त शाळा असतात. एका शिक्षकाने आठवड्यात सगळीकडे जायचं ठरवलं तर प्रत्येक शाळेच्या वाट्याला अर्धा दिवस येईल, तोही एसटी वेळेवर असेल तर. न्यायालयाने मुलं मोजली, सरकारने केंद्रं मोजली. तरीही हे पाऊल मी मोठं मानतो. वर्षाच्या मुदतवाढीवर जगणारी नेमणूक आणि मंजूर पद यात शिकवणाऱ्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दरवर्षी नवा चेहरा बघून बिथरणाऱ्या स्वमग्न मुलासाठी तर त्याहून जास्त.

पैसा अडतो कुठे

पैसे मंजूर होणं आणि पोचणं यातलं अंतर हा वेगळाच विषय आहे, थोडक्यात सांगतो. दिल्लीची मान्यता, केंद्राचा हप्ता, राज्याचा हिस्सा, राज्यस्तरावरचं एकच खातं, मग शाळेला खर्चाची मर्यादा. यात एक कडी अडली की सगळं अडतं. शाळा जूनला सुरू होते आणि पैसे कितीदा जानेवारी-फेब्रुवारीत येतात. मग 31 मार्चच्या आत खर्च दाखवायचा. मुलांना काय हवंय हे विचारायला वेळ नसतो, दुकानदाराकडे जे तयार आहे ते येतं. कपाटातल्या त्या न वापरलेल्या थाळ्यांचं मूळ बऱ्याचदा इथे सापडतं.

केंद्राच्या पैशाला अटीही असतात. निवडक शाळा आदर्श म्हणून विकसित करायच्या केंद्राच्या पीएम श्री शाळा योजनेचा करार करायला तामिळनाडूने नकार दिला, त्या वादात 2024-25 चे समग्र शिक्षेचे 2,152 कोटी रुपये रोखल्याची त्या राज्याची तक्रार होती. राजकारण कोणाचं बरोबर हे बाजूला ठेवू. त्या पैशात शिक्षकांचे पगार आणि शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांना मोफत प्रवेशांपोटी द्यायची शुल्काची प्रतिपूर्ती होती. योजनेच्या पैशावर माणूस नेमला की दोन सरकारांच्या भांडणात पहिला पगार त्याचा थांबतो.

मग गावं काय करतात? लोकवर्गणी. कुठे ग्रामपंचायत मानधन देते, कुठे मुंबई-पुण्याला गेलेले गावकरी संगीत शिक्षकाचा खर्च उचलतात, कुठे कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी. कौतुकाच्या बातम्या येतात आणि त्या शाळा खरंच चांगल्या असतात. पण ज्या गावातून शहरात जाऊन कोणी साहेब झालं नाही त्या गावाचं काय, हे त्या बातमीत नसतं. सरकारी शाळेचा अर्थच गावाच्या ऐपतीवर मुलाचं शिक्षण ठरू नये असा होता.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात यावर एक मार्ग सुचवला आहे: जवळच्या शाळांचा समूह करायचा आणि कला, संगीत, क्रीडा शिक्षक, समुपदेशक त्यांच्यात वाटून घ्यायचे. कल्पना मला पटते. 40 मुलांच्या शाळेला पूर्णवेळ संगीत शिक्षक देणं कुठल्याच सरकारला जमणार नाही, पाच शाळांत मिळून एक देणं जमेल. फक्त दोन गोष्टी व्हायला हव्यात. तो शिक्षक नियमित पदावर असावा आणि त्याचा प्रवासखर्च व प्रवासाचा वेळ कामात धरला जावा. आणि समूहाच्या नावाखाली लहान शाळा बंद करून मुलांना बसमध्ये घालायचा उद्योग होऊ नये. महाराष्ट्रात ही भीती पालकांच्या मनात आहे आणि ती उगाच नाही.

शाळा व्यवस्थापन समितीच्या हातात काय

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. या समितीची सही सहसा खर्चाच्या ठरावावर घेतली जाते आणि काम संपतं. पण कलम 22 वाचा. समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा, आणि सरकारच्या योजना व अनुदानांचा आधार हाच आराखडा राहील असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. केंद्राच्या 2010 च्या नियमांत त्या आराखड्यात काय असावं हेही दिलं आहे: इयत्तावार पटाचा अंदाज, किती जादा शिक्षक लागतील, त्यात विषय शिक्षक किती आणि अंशकालीन निदेशक किती, आणि त्यासाठी वर्षनिहाय पैसे किती.

बऱ्याच शाळांत हा आराखडा मागच्या वर्षीचा उतरवून काढतात. भिंतीचं कुंपण, शौचालय दुरुस्ती, डिजिटल फलक. शिक्षकांच्या रकान्यात संचमान्यतेतला आकडा तसाच टाकतात. पालकांनी मुख्याध्यापकांकडून आधी संचमान्यतेची प्रत मागावी, मंजूर पदं आणि प्रत्यक्ष भरलेली पदं शेजारी शेजारी लिहावीत. मंजूर पद रिकामं असेल तर तो भरतीचा प्रश्न आहे, त्याचा पाठपुरावा शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पवित्र या शिक्षकभरतीच्या सरकारी पोर्टलवरच्या जाहिरातीकडे. कलम 26 म्हणतं की मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त जागा रिक्त ठेवता येत नाहीत. पद मंजूरच नसेल तर तो निकषाचा प्रश्न आहे आणि त्यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांशी भांडून काही होत नाही, तो आमदारापर्यंत न्यावा लागतो. या दोन तक्रारी एकाच अर्जात घातल्या की अर्ज दोन टेबलांमध्ये फिरत राहतो. आणि खेळाचा शिक्षक हवा असेल तर तो आराखड्यात लिहावा, तासिकांच्या संख्येसकट, मार्चच्या आत.